ढवळून, गाळून

देवराव बनसोडासमोर कोणी शेड-कार्ड काढलं, की माणूस बिथरायचाच. "ठेव ते खिशात गा," म्हणायचा, "रंग कागदावर नसते. इथं असते." आणि डोळ्याखाली बोट टेकवायचा. चाळीस वर्षं त्यानं कामठी रोडवरच्या गॅरेजात गाड्या रंगवल्या होत्या. ठोकलेल्या गाडीला नवा दरवाजा बसवला, तर त्याचा रंग उरलेल्या गाडीत असा मिसळून द्यायचा, की मालकालाच दरवाजा शोधावा लागायचा. बढाया मारायचा, हो. पण उगाच मारत नव्हता.

गुडघ्यांनी गॅरेज सोडवलं आणि तो लढाऊ विमानांकडे वळला. खरी नव्हेत, वीतभर लांबीची, प्लास्टिकची. वायुसेनेतले साहेब निवृत्त झाले, की त्यांना त्यांचं विमान लाकडी स्टँडवर बसवून भेट द्यायची रीत. धरमपेठेत ओमप्रकाशचं ट्रॉफ्या-मोमेंटोंचं दुकान. तो कोरी विमानं आणून द्यायचा, रंग देवरावाचा. आणि या साहेब लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकता येत नाही बरं! ज्या विमानात अर्धं आयुष्य काढलं, त्याचा राखाडी ते झोपेतही ओळखतील. राखाडी म्हणजे काय एक असतो? एक निळ्याकडे झुकतो, एक हिरव्याकडे, एक नुसताच मेल्यासारखा. सारा थेंबाचा खेळ. दहा वर्षांत देवरावाचं एकही विमान परत आलं नव्हतं.

हाताशी लेक होती, दीप्ती. एकतीस वर्षांची, शाळेत चित्रकला शिकवायची. संध्याकाळी घरी आली, की देवरावानं मिसळलेल्या रंगाची वाटी उचलायची आणि म्हणायची, "आणा बाबा, ढवळून, गाळून आणते." स्प्रेगनच्या बारीक तोंडात कण अडकू नये म्हणून रंग जुन्या मोज्यातून गाळावा लागतो. त्यासाठी ती मागच्या अंगणात जायची आणि चांगली दहा-पंधरा मिनिटं लावायची.

"काय वं," देवराव आतून ओरडायचा, "रंग गाळून राहिली का दारू?"

तिचं नावच त्यानं ढवळी पाडलं होतं. आल्यागेल्याला सांगायचा, "ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला! आमच्या ढवळीलेही लागल थोडाफार." ती दारात वाटी धरून हसत उभी राहायची.

सप्टेंबरात दीप्तीला डेंगू झाला. सहाव्या दिवशी ती गेली. सहा दिवस! इतक्यात घरातला गॅससुद्धा संपत नाही, आणि माणूस संपलं.

चार महिने देवरावानं स्प्रेगनला हात लावला नाही. त्याची बायको प्रयागबाई ताट समोर ठेवायची आणि तसंच उचलायची. मग एक दिवस ओमप्रकाश आला. मिग विमानं सेवेतून गेली होती, आणि एका साहेबांना आपलं मिग टेबलावर हवं होतं. "काका, तुम्हाला सोडून कोणाकडे नेऊ?" तो म्हणाला.

देवरावानं रंगांची पेटी ओढली. प्रयागबाईचा चेहरा उतरला. "राहू द्या ना जी," ती म्हणाली, "काहून डोक्याले ताप करून घेता?"

"लेक गेली, आता डोळाही गेला म्हणू का?" देवराव भडकला. "तेवढंच उरलं हाय माह्याजवळ!"



पेटीत एक शिशी निघाली. वर दीप्तीच्या अक्षरात चिठ्ठी, 'मिगचा राखाडी'. दोन वर्षांपूर्वीच्या विमानातला उरलेला रंग होता. झाकण घट्ट लावलेलं, रंग अजून चांगला. देवरावानं शेपटीकडून फवारायला सुरुवात केली. फवारता फवारता शिशी संपली, तेव्हा त्यानं डोळ्यांच्या अंदाजानं नवा रंग मिसळला. स्वतःच ढवळला, स्वतःच गाळला आणि उरलेलं विमान पुरं केलं. वाळल्यावर जोड शोधला. कुठंच सापडला नाही. त्या दिवशी माणूस पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी दुकानात ओमप्रकाशनं विमान हातावर घेतलं, फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"काका, पुढचा भाग हिरवट काहून ठेवला? साहेब बोलले होते का तसं?"

"हिरवट? तुह्या ट्यूबलाइटनं डोळे खराब झाले तुहे! चाल उन्हात!" देवरावानं त्याला दंडाला धरून भर दुपारी रस्त्यावर आणलं. ओमप्रकाशनं एकदा विमानाकडे पाहिलं, एकदा देवरावाकडे. आवाज खाली आला त्याचा. "हो काका, लाइटच असेल. ठीक आहे. ठेवून जा."

चाळीस वर्षं गिऱ्हाइकांची तोंडं वाचलेला माणूस देवराव. ते 'ठीक आहे' त्याला बरोब्बर कळलं. त्यानं विमान परत कागदात गुंडाळलं आणि घरी, इंदोऱ्याला जायला ऑटो धरला.

प्रयागबाई भाजी निवडत बसली होती. त्यानं विमान तिच्या पुढ्यात ठेवलं.

"हा एक रंग हाय, का दोन?"

ती मेथीच्या काड्या मोडत राहिली.

"बोल ना वं!"

"दोन," ती म्हणाली. आणि मग थांबलीच नाही, इतक्या दिवसांचं तुंबलेलं. "चार वर्षं झाली. साखरेनं डोळ्याचा पडदा खाल्ला म्हणे तुमचा, डॉक्टर दीप्तीलेच बोलले. तुमच्या हातून रंग हिरव्याकडे जाऊन राहिला होता. पोरगी अंगणात नेऊन दोन थेंब निळा टाके, कधी चार. जुन्या तुकड्यावर लावून उन्हात पाहे. म्हणे, आई, बाबाले सांगू नको. बाबाचं दुसरं काहीच नाही."

चार वर्षांतली सारी विमानं, साहेबांच्या सगळ्या शाबासक्या, आणि दारात वाटी धरून हसत उभी असलेली पोर! वाण नाही पण गुण, म्हणे. गुण सोडा, वाणही तिचाच होता. देवरावाला लाज वाटली. मग लेकीचा राग आला, मेलेल्या लेकीचा, आणि त्या रागाचीही लाज वाटली.

त्यानं विमान उचललं, खिडकीपाशी नेलं, डोळे बारीक करून उजेडात धरलं. शिशी तर संपली होती. दीप्तीच्या हातचं जे काही उरलं होतं, ते एवढ्यावरच होतं. त्याला सगळं विमान सारखंच दिसत होतं.

"प्रयागा," तो म्हणाला, "दीप्तीचा कुठवर हाय?"

ती हात पदराला पुसत उठली. त्याचं बोट धरून तिनं शेपटीवर टेकवलं. तिथून हळूहळू पुढं आणलं, पाठीवरून, पंखांच्या मधून, आणि वैमानिकाच्या काचेच्या जरा अलीकडे थांबवलं.

"इथवर," ती म्हणाली.