नाईट शिफ्टच्या दुपारी वाजलेली कॅसेट

बाबांची पोलाद कारखान्यात नाईट शिफ्ट असली की त्या आठवड्यात आमच्या क्वार्टरात दिवसा शिंकायचीसुद्धा चोरी. आई पोतं अंथरून त्यावर भांडी घासायची, शिट्टी व्हायच्या आत कुकर उतरवायची. "मिलमध्ये लाल लोखंड धावते पोरी, डुलकी लागली तं माणूस जाते," हे तिचं एकच वाक्य. ऐकून ऐकून माझा जीव नुसता कावला होता. बाबा जागे असले तरी त्यांना दोन-तीनदा हाक मारावी लागायची. ते आम्ही अपुऱ्या झोपेच्या माथी मारायचो.

मी तेव्हा अकरावीत. वैशाली नगरच्या मैत्रिणीनं मला एक कॅसेट दिली. तिच्या भावाला इंग्लंडहून कुणी पाठवलेली, तिथल्या एका पंक बँडच्या भर कार्यक्रमात रेकॉर्ड केलेली. "चार बजे तक वापस चाहिए, भैया को पता चला तो मार डालेगा," म्हणाली. घरी पोचले तेव्हा दोन वाजत आले होते. बाबा शेजारच्या खोलीत झोपलेले, मधे नुसता पडदा. थंडीचे दिवस, त्यामुळे कूलरची घरघरही नाही. आली का पंचाईत!

टू-इन-वन टेपरेकॉर्डरला इअरफोन लावून जमिनीवर बसले. बाप रे! गाण्याआधी गर्दीच ओरडत होती. गिटार बेसूर लागली, तरी कुणी थांबेना. गायकानं मधेच गाणं तोडलं, समोरच्या कुणाला तरी खडसावलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणखी जोरात. रेडिओवर असं मी कधी ऐकलंच नव्हतं. चुका पुसलेल्या नाहीत, कुणी कुणाला गप करत नाही. माझे पाय ठरेनात. उठले, बसले, परत उठले आणि इअरफोनची पिन निघून आली.

अख्खं घर दणाणलं. बंद करायला झेपावले, तर पडद्याच्या फटीतून बाबा दिसले. तोंड माझ्याकडे, डोळे मिटलेले. पापणीसुद्धा हलली नव्हती. आधी वाटलं, सुटले बाई! मग वाटलं, एवढ्या दणक्यात कुणी झोपून राहील कसं? मी आवाज बंद केला नाही, वाढवला. पूर्ण. बाबांनी कूस बदलली आणि गोधडी ओढून घेतली.

आई मागच्या अंगणातून ओल्या हातानं धावत आली, बटण दाबलं आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. "कावून वो, लाज नाही वाटत? बाप झोपला हाये न!"

"आई, बाबाले ऐकू येत नाही."

"हळू बोल," ती म्हणाली. मला रागानं हसूच आलं. कोणासाठी हळू?

तिनं मला ओढत अंगणात नेलं. "मले माहीत हाये. दोन वर्षं झाले. मिलच्या आवाजानं गेले कान. त्याईले वाटते, आपण गप राहतो म्हणून घर शांत हाये. वाटू दे."

"अन् क्रेनचा भोंगा ऐकू नाही आला तं?"

"सोबतचे लोक हात लावून सांगते." ती पदराला हात पुसत होती, कोरडे झाले तरी पुसतच होती. "साहेबाईले कळलं अन् मिलमधून काढून स्टोअरमध्ये सामान मोजाले बसवलं तं ते जगतीन का?"

"अन् मिलमध्येच मेले तं?"

तोंडाला लगाम नाहीच माझ्या. आईचा चेहरा उतरला. मला तिचा भयंकर राग आला होता आणि दयाही येत होती. कॅसेटची दुसरी बाजू ऐकायची राहिली ती राहिलीच.

साडेतीनला बाबा उठले, अंगणातल्या नळावर तोंड धुवायला आले. "आज मस्त झोप झाली," म्हणाले, "पोरीनं बिल्कुल गडबड नाही केली." नळ बंद करून ते तसेच वाकून उभे होते, आमच्याकडे पाठ. मी तोंड उघडलं तशी आई मानेनं नको नको म्हणू लागली.

मी नेहमीच्या आवाजात म्हटलं, "बाबा, तुमाले ऐकू येत नाही. डॉक्टरले दाखवा. मले भीती वाटते."

बाबा वळले. चेहऱ्यावरून पाणी निथळत होतं. आम्हा दोघींकडे पाहून हसले आणि हात पुढे करून म्हणाले, "टॉवेल दे वो."