गड्ड्यासकट

ती सदा ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभी, म्हणून सगळे तिला पाणकोंबडी म्हणत. त्या नावाचा तिला राग नव्हता. रागवायला तिच्याकडे याहून चांगली कारणं होती.

ओढ्यातल्या खडकांना चिकटून जाड, गर्द हिरव्या पानांची एक वनस्पती वाढायची. शहरातले लोक ती माशांच्या काचेच्या टाक्यांत शोभेला लावतात. वडील गेल्यावर तिनंच ती विकायचा धंदा उभा केला आणि त्यावर धाकट्या भावाला वाढवलं. विळ्यानं ती नुसते शेंडे छाटायची, मुळांचा गड्डा खडकालाच ठेवायची. कारण ही वनस्पती भलतीच आळशी. अख्ख्या मोसमात दोन-तीन पानं टाकली तरी खूप झालं.

मग भाऊ मोठा झाला आणि धंदा त्याच्या हातात गेला. व्यापारी म्हणाला, गड्ड्यासकट हवी. भावानं लोखंडी खरवडण्या करून घेतल्या, मजूर लावले आणि खडक सोलायला सुरुवात केली.

"अरे, जरा तरी मागं ठेव!" ती ओरडली.

"ताई, आपण नाही काढली तर दुसरा कोणीतरी काढेल."

ती धुसफुसली, पण घरात भांडण नको म्हणून शेडमध्ये बसून ओल्या कागदात झाडं गुंडाळत राहिली. बघता बघता खडक उघडे पडले. पानांखाली लपणारी माशांची पिल्लं दिसेनाशी झाली. पाणी सदाचंच गढूळ.

एकदा दाढ ठणकायला लागली म्हणून ती शहरात दातांच्या डॉक्टरकडे गेली. बाहेरच्या खोलीत काचेची टाकी होती. आत तिच्याच ओढ्याची वनस्पती, पिवळी पडून बुळबुळीत झालेली. तिथली मदतनीस ती उपटून बादलीत टाकत होती.

"हे काय करताय?"

"बदलतेय, काकू. दर महिन्याला बदलावी लागते. टिकतच नाही मेली."

"मग ही?"

"ही कचऱ्यात. स्वस्तच तर मिळते."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दाढ तशीच घेऊन ती उठली आणि गालाला हात लावून मिळेल त्या बसनं परतली.

शेडमध्ये खोकी चिकटपट्टी लावून तयार होती. तिनं विळ्यानं एकेक टराटरा फाडलं आणि झाडं टोपल्यांत ओतली. आवाज ऐकून भाऊ धावत आला.

"वेड लागलंय का तुला? गाडी यायची वेळ झालीय! माल माझा आहे!"

"तुझा? एक पान तरी लावलंयस तू? लोक महिनाभर बघतात आणि कचऱ्यात फेकतात रे! त्यासाठी ओढा नागडा केलास?"

"टोपली ठेव खाली."

"हात तर लावून बघ."

मागून भावजय आली. एरवी मान वर करून न बोलणारी ती बाई, तिनं मुकाट दुसरी टोपली उचलली आणि ओढ्याची वाट धरली. भाऊ आ वासून बघत राहिला.

नणंद-भावजयींनी सुती दोऱ्यानं एकेक गड्डा खडकाला बांधला. पुरात निम्मे वाहून गेले. उरलेल्यांपैकी काहींनी मुळं धरली.

भावानं बोलणं टाकलं आणि मजूर घेऊन तो वरच्या खोऱ्यातल्या ओढ्याकडे वळला. हे कळताच पाणकोंबडी तिकडे गेली. दारोदार जाऊन तिनं सांगितलं, "तुमचा ओढा लुटला जातोय. तुम्ही झोपलात काय?" लोक खवळले. त्यांनी भावाला पिटाळून लावलं, त्याच्या खरवडण्या हिसकावून घेतल्या. त्या दिवशी ती कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

महिन्याभरानं ती पुन्हा तिकडे गेली तेव्हा तीच माणसं, त्याच खरवडण्यांनी, आपल्याच ओढ्याचे खडक सोलत होती. व्यापाऱ्याची गाडी काठाला उभी होती.

"तुम्हीच तर सांगितलंत काकू, याला मागणी आहे म्हणून," एकजण हसत म्हणाला.

तिनं त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ते हसले आणि कामाला लागले. घसा बसेपर्यंत शिव्या घालून झाल्यावर तिनं पदर खोचला, त्यांच्या ओढ्यात उतरली आणि अजून शाबूत असलेल्या एका मोठ्या खडकावर हातात विळा घेऊन बसली.

"याला कोणी हात लावायचा नाही," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

तो खडक तेवढा राहिला. बाकीचे सगळे गेले.