दाराजवळचा आरसा

हॅम्बुर्गला लेकीच्या घरी दाराजवळ एक उंच आरसा आहे. कामावर निघताना ती कोट चढवते, कपाळावरची टिकली काढते आणि आरशाच्या कडेला चिकटवते. संध्याकाळी आल्याआल्या, बूट काढायच्याही आधी, तीच टिकली पुन्हा कपाळावर. हे सगळं इतकं सहज, की माझ्या लक्षात यायलाच आठवडा गेला.

"ऑफिसात कोणी काही बोलतं का गं?" मी विचारलं.

"छे गं आई. कोणी काहीच बोलत नाही."

त्या 'काहीच'नं माझ्या जिवाला घोर लागला. कोणी बोललं असतं तर भांडता तरी आलं असतं. समोरच्या घरातली अफगाण बाई लिफ्टमध्ये डोक्यावरचा रुमाल मागे सारते, पुन्हा पुढे ओढते. आज किती वेगळं दिसलेलं चालेल, याचा अंदाज या बायका रोज घेत असाव्यात. एवढीशी तर टिकली, असं मी मनाला समजावते. मग एवढीशीच असेल तर काढावी का लागते?

आज नातीचा तिथीनं वाढदिवस, सहावा. सकाळी तिला ओवाळलं, इवलीशी लाल टिकली लावली. ती खूश होऊन गिरक्या घेत होती. मी निरांजन देवापाशी ठेवून येईतो मायलेकी शाळेला निघूनही गेल्या. निदान ही तरी टिकली लावून गेली, असं म्हणत मी कडी लावायला दाराशी आले.

आरशावर लेकीची टिकली होती. तिच्या बरीच खाली, सहा वर्षांच्या उंचीला, ती लाल टिकली नीट चिकटवलेली होती.