विमलची दोन बोटं

माझ्या बायकोच्या, विमलच्या, उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत. अंगठ्याशेजारची दोन. ती कशानं गेली ते आमच्या पुंडलिकनगरच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे — म्हणजे मी सांगितलं तेवढं ठाऊक आहे. उरलेलं माझ्यापाशीच राहिलं. मुलीला नाही सांगितलं, सख्ख्या भावाला नाही. मग तुम्हाला का? तुम्ही तिला ओळखत नाही, म्हणून असेल.

एक जुना टायर चाकावरून काढायचा होता. गोष्ट एवढीच.

मी वाळूजला एका कारखान्यात एकोणीस वर्षं होतो. मग आमची लाईन बंद झाली आणि मी घरी बसलो. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला नवीन कोण घेणार? काही महिने कामासाठी चिकलठाण्यापर्यंत चकरा मारल्या, नंतर त्याही सुटल्या. विमल आधीपासून ब्लाउज शिवायची, हौस म्हणून. आता घर तिच्या मशीनवर चालायला लागलं. पुढच्या खोलीत दिवसभर बायका यायच्या, मापं द्यायच्या, हसायच्या. मी आतल्या खोलीत कालचाच पेपर पुन्हा वाचायचो. मला कुणी काही बोललं नाही, हेही सांगायला हवं. विमल तर कधीच नाही. पण बायकोनं नुसता पाण्याचा ग्लास आणून ठेवावा आणि आपल्याला तो टोमणा वाटावा — तुमचं झालंय का असं कधी? माझं रोज व्हायचं.

दारात आमची जुनी कार तीन वर्षं उभी होती. एक दिवस मनानं घेतलं, ही चालू करायची. चारही टायर बसून कडक झाले होते. टायरच्या दुकानात तीन निघाले, चौथा निघेना. अलॉय व्हीलला असा चिकटून बसला होता की रबर कुठं संपतं आणि धातू कुठं सुरू होतो ते कळू नये. दुकानदार म्हणाला, काका, मशीनवर जोर लावला तर व्हील चिरंल, मला ते झंझट नको. बरोबरच होतं त्याचं. पण तो 'काका' म्हणाला ना, ते मला लागलं. मी म्हणालो, एकोणीस वर्षं हीच कामं केलीत, घरी काढून दाखवतो.

पहिला दिवस नुसता साबणाच्या पाण्यात गेला. दुसऱ्या दिवशी चाक आडवं करून गाडीखाली सरकवलं, टायरवर जॅक ठेवला आणि गाडीच्याच वजनानं दाबलं. तासाभरानं फट्ट आवाज आला आणि टायरची जाड कड व्हीलपासून सुटली. निम्मं काम झालं. आता ती कड लोखंडी पट्टीनं उचलून व्हीलच्या काठावरून बाहेर काढायची होती. एका पट्टीनं उचललं की दुसरी घालेपर्यंत कड परत आत जायची. तिसरा हात पाहिजे होता.

मी विमलला हाक मारली. ती मशीनवरून उठून आली, गळ्यात टेप तसाच. मापं द्यायला आलेल्या दोघी बायकाही तिच्यामागून दारात येऊन उभ्या राहिल्या.

तिला मीच सांगितलं — डाव्या हातानं चाक दाब, मी कड उचलली की उजव्या हाताची बोटं आत घालून ती वर धर. मीच. हळू आवाजात सांगितलं, दारातल्या दोघींना ऐकू गेलं नसेल. नंतर मी सगळ्यांना याच्या उलट सांगत आलोय.

तीनदा केलं. तीनदा कड परत गेली. ऊन चढलं होतं. हात थकला होता आणि ते तिला कळू नये म्हणून मी जास्तच जोर लावत होतो. चौथ्यांदा कड उचलली, तिनं बोटं घातली, आणि तशीच वाकलेली असताना म्हणाली, "अहो, राहू द्या ना आता. एवढ्या वेळात माझे दोन ब्लाउज झाले असते."

दारातली एक बाई हसली. वाईट हेतूनं नाही, आपण हसतो तशी.

पट्टी माझ्या उजव्या हातात होती. सगळा भार त्या पट्टीवर होता. विमलची बोटं कुठं आहेत ते मला दिसत होतं — नखं, त्यावर उरलेला नेलपॉलिशचा रंग, सगळं.

पट्टी निसटली, असं मी म्हणतो. ओला साबण, गुळगुळीत व्हील, थकलेला हात — कुणालाही पटतं. पण ती निसटली नाही. मी सोडली.

तिची बोटं मोडावीत असं मनात होतं का? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला. उत्तर काहीही आलं तरी फरक काय पडतो? बोटं दिसत होती, आणि मी सोडली.

ती ओरडली नाही. बोटं सोडवायला मला तीच पट्टी पुन्हा घालून कड उचलावी लागली, आणि तेवढा वेळ ती माझ्या तोंडाकडं बघत होती. हाताकडं नाही. माझ्या तोंडाकडं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? तिनं तोंड उघडायच्या आत मी बोललो. मी नको नको म्हणत होतो, हिनंच मधे हात घातला, तेवढ्यात पट्टी निसटली. डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं.

"व्हय," विमल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी एकट्यानं तो टायर काढला. हे सांगायची मला जास्त लाज वाटते. कड बाहेर आली तेव्हा मला आनंद झाला. खरा आनंद, कित्येक महिन्यांनी. अंगणातून हाक मारली, निघाला गं टायर. ती आत पलंगावर हात उशीवर ठेवून पडली होती. बरं झालं, म्हणाली.

हाडं जुळली, बोटं ताठच राहिली. तिनं डाव्या हातानं कात्री धरायचा प्रयत्न केला. एका बाईचा लग्नातला ब्लाउज बिघडला. ती बाई परत आली नाही. हळूहळू पुढची खोली रिकामी झाली आणि मशीनवर चादर पडली. मी? मी लग्नाकार्यात, पाहुण्यांत ती गोष्ट सांगायचो. आमच्या हिला घाई लई, असं म्हणून. लोक हळहळायचे, थोडं हसायचेही. विमल तिथंच बसलेली असायची.

पुढं मुलीचं बाळंतपण आलं, म्हणून विमल तिच्याकडं नांदेडला गेली. दोन महिन्यांसाठी. त्याला आता पाच वर्षं होतील. भांडण नाही, काही नाही. रोज फोन येतो, जेवलात का, गोळी घेतली का. मी घेतली म्हणतो. ती म्हणते, ठेवते मग. इथं मी सकाळी एकदाच स्वयंपाक करतो, संध्याकाळी तेच खातो. कार केव्हाच विकली.

मागच्या महिन्यात नांदेडला गेलो होतो. नात विमलच्या मांडीवर बसून तिची बोटं वाकवून बघत होती. आजी, ही अशी का गं?

"मीच येड्यासारखा हात घातला होता, बाळा," विमल म्हणाली. "आजोबा नको म्हणत होते."

मी समोर बसलो होतो, हातात चहाचा कप. मुलगी स्वयंपाकघरात होती. बोलायला याहून सोपी वेळ कोणती होती? मी चहा संपवला. कप आत नेऊन विसळला.

निघताना विमल एसटी स्टँडवर सोडायला आली. गाडी लागली होती. तिनं पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "एक विचारू का तुम्हाला?"

मी थांबलो. ती बघत राहिली. मग म्हणाली, "नाय, असू द्या. बसा, जागा मिळायची नाय."

काय विचारायचं होतं, असं मी म्हणालो नाही. गाडीत चढलो. जागा भरपूर होती. तिच्या बाजूची खिडकी सोडून मी पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसलो.