जिलबीच्या पोटातली धाव

औरंगाबादला आमच्या कॉलेजच्या गेटातून आत शिरलं की समोर एक भलंमोठं लोखंडी शिल्प. दोन मजले उंच. चिकलठाण्याच्या कारखान्यातले जाड पत्रे वळवून एकमेकांत गुंतवलेले. पोरं त्याला जिलबी म्हणायची. म्हणेनात का! तिच्यात आमच्या बैलगाडीची धाव होती.

शिल्प घडत होतं तेव्हा ते घडवणाऱ्या आमच्या सरांनी वर्गात सांगितलं होतं, "प्रत्येकानं घरातलं एक जुनं लोखंड आणा. यात कायमचं राहील." मी फुलंब्रीला घरी जाऊन सांगितलं. दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, नुकतीच टायरची गाडी केली होती. जुन्या लाकडी चाकाला बसवलेली गोल लोखंडी धाव गोठ्यात टांगलेली. भंगारवाल्याला ते तिला हातसुद्धा लावू देत नव्हते. पण कॉलेजसाठी त्यांनी ती स्वतः एसटीच्या टपावर टाकून आणली.

उद्घाटनाला दादा नवं धोतर नेसून आले. शिल्पाभोवती चकरा मारल्या, धाव काही दिसंना. सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, ती आत पोटात आहे. सगळा भार तिच्यावरच आहे."

झालं! दादांनी हे अख्ख्या गावाला सांगितलं. दर खंडेनवमीला घरचे विळे-कुऱ्हाडी पुजून झाल्या की पिशवीत झेंडू घेऊन यायचे आणि जिलबीच्या पायथ्याला हळदकुंकू लावायचे. माझं कॉलेज संपलं, लग्न झालं, तरी त्यांचा नेम मोडला नाही.

मला नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन सरांच्या घरी गेले. अंगणात मधुमालतीची वेल चढवायला एक लोखंडी कडं उभं केलेलं, पांढऱ्या रंगाचं. सहज हात लावला, तर सांध्यावरचं टेंगूळ बोटाला लागलं. आमच्या गावच्या लोहाराकडून राहिलेलं टेंगूळ! लहानपणी त्यावर गुडघा फोडून घेतला होता मी.

"सर, ही आमची धाव."

"अगं, ती रचनेत बसेना," सर हसत म्हणाले. "वडलांचं मन कशाला मोडायचं? आणि इथं किती शोभते बघ."

शोभते म्हणे! तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या भोळ्या बापाच्या तोंडाला गोड बोलून पानं पुसली, आणि वर हसायचं? पेढे तसेच उचलले आणि निघाले.

त्या खंडेनवमीला मी मुद्दाम कॉलेजात गेले. दादा आधीच पोचले होते. कुंकू लावून झालं होतं, पिशवीतून झेंडू काढत होते.

"दादा, ती यात नाय. सरांनी घरी नेली. अंगणात तिच्यावर वेल चढवलीय."

दादांनी वर शेंड्यापर्यंत पाहिलं.

"मंग इतकी वर्षं भार कशावर व्हता गं बाई?"

त्यांनी झेंडू परत पिशवीत टाकला, खाली वाकले आणि उपरण्याच्या टोकानं ते ओलं कुंकू पुसायला लागले.