जानेफळचे कान

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आता टाळण्याचाही कंटाळा आला आहे, म्हणून लिहून टाकतो. माझ्या ओळखीत खरे कान एकाच माणसाला होते. बाकी आम्ही सगळ्यांनी ते चष्म्याच्या दांड्या अडकवायला ठेवले आहेत. हे गृहस्थ जानेफळचे, घरचे शेतकरी. मी चिखलीला एका मोटार कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गिऱ्हाइकांच्या तक्रारी लिहून घ्यायला बसत असे. ते मला साहेब म्हणत, मी त्यांना भाऊ.

जानेफळात कोणाच्या विहिरीवरची मोटर कुरकुरली, की मेकॅनिकच्या आधी भाऊंना फोन जाई. पलीकडचा माणूस मोबाइल मोटरीजवळ धरी आणि भाऊ इकडे जेवता जेवता घास तसाच हातात धरून सांगत, "बेअरिंग गेलं. बंद कर बे, नाही तं जळून जाईन." ते चुकल्याचं मी कधी ऐकलं नाही. पिठाच्या गिरणीवरून जाताना आत ज्वारी दळली जातेय की गहू, हे त्यांना रस्त्यावरून कळे. भाच्याच्या वरातीत तर त्यांनी हात वर करून चालता बँड थांबवला. लोकांना वाटलं, कोणाला भोवळ आली. भाऊ म्हणाले, "जनरेटर आयका. दोन मिनिटांत बंद पडते." दोन मिनिटांनी खरंच अंधार झाला, आणि वऱ्हाडानं दोष भाऊंनाच दिला.

सोयाबीनच्या एका चांगल्या साली त्यांनी उंच, ऐसपैस एसयूव्ही घेतली. त्या गाडीत रेडिओला बंदी होती आणि माणसांच्या बोलण्यालाही. कोणी खोकलं तरी भाऊ बोट ओठावर ठेवत, "चूप बसा, इंजिन बोलून राह्यलं." वहिनी एकदा मला म्हणाल्या, "भाऊजी, यायनं माह्यं बोलनं इतकं ध्यान देऊन आयकलं असतं, तं मी बी सर्व्हिसिंगले चिखलीले आली असती."

सहा महिन्यांत भाऊ वर्कशॉपच्या दारात. "साहेब, सकाळी गाडी सुरू केली का आतून टकटक येते. इंजिनातली साखळी सैल हाय तिची."

मी बॉनेट उघडलं. टकटक मलाही ऐकू आली. त्या मॉडेलच्या चार-पाच मालकांनी तेच सांगितलं होतं. एक जण त्यासाठी पार जळगाव जामोदहून आला होता. पण हा आवाज कागदावर आणायचा नाही, असा वरून तोंडी हुकूम होता. माझ्या निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती. मी लिहिलं, 'दोष आढळला नाही.' भाऊ पुन्हा आले. पुन्हा आले. पाचव्या खेपेला मी चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "भाऊ, आवाज गाडीत नाही, तुमच्या कानात आहे. वय झालं आता."

दुसरा कोणीही भांडला असता. त्यांनी भांडावं असंच मला वाटत होतं. भाऊंनी नुसता कानाला हात लावला. "असं म्हणता? तुमी रोज इतकी इंजिनं आयकता. तुमालेच समजते," असं म्हणून त्यांनी माझ्या कागदावर निमूट सही केली.

पुढच्याच वर्षी कंपनीचं पत्र आलं. साखळी ताणून धरणारा भाग सदोष आहे. गाडी येईल तेव्हा गाजावाजा न करता बदलावा. भाऊंची गाडी आली. मी भाग बदलायला लावला आणि लिहिलं, 'नेहमीची सर्व्हिसिंग.' मनात म्हटलं, सुटलो.

महिन्याभरानं ते चिखलीच्या बाजारात भेटले. "साहेब, तुमचंच खरं निंघालं. आता तं ती टकटक बी आयकू येत नाही. कान पुरे गेले माह्ये." त्या दिवसापासून त्यांनी मोटरींचे फोन घेणं सोडलं.

निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी, गेल्या हिवाळ्यात, मी त्या पत्राची प्रत खिशात घालून जानेफळला गेलो. ओसरीवर चहा चालला होता. तेवढ्यात शेजारी आला. "भाऊ, मोटर कशीच करून राह्यली. आयकता का जरा?" तिची घरघर ओसरीपर्यंत येत होती. बेअरिंग होतं, मलासुद्धा कळलं. भाऊंची मान जुन्या सवयीनं तिकडे वळली. मग त्यांनी ती परत फिरवली. "मले काऊन इचारतं बे? मेकॅनिक बोलाव." आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "सारे तोंडावर गोड बोलत होते. या साहेबानंच तेवढं खरं सांगतलं."

माझा हात खिशात पत्रावर होता. तो तिथेच राहिला.

मला मेहकरच्या स्टँडवर सोडायला ते स्वतः निघाले. गाडी तीच. रेडिओ मोठ्यानं चालू होता आणि इंजिन एकदम सुरेख चाललं होतं.

"बोला ना साहेब," भाऊ म्हणाले, "आता गाडीत बोलाले बंदी नाही."

"भाऊ…" मी म्हणालो.

त्यांनी रेडिओ बंद केला आणि मान किंचित कलती करून कान माझ्याकडे केला. पूर्वी इंजिनाकडे करत, अगदी तसा.

"कपाशी कशी आहे यंदा?" मी विचारलं.

मेहकर येईपर्यंत ते कपाशीचंच सांगत राहिले. 'आवाज गाडीतच होता, भाऊ. तुमचे कान चांगले आहेत. चुकलो मी.' एवढंच घोकत मी सकाळी घरून निघालो होतो.