हातमास्तरांचं बारावं नाव

हातमास्तर माणसाच्या तोंडाकडे बघत नसत. तुम्ही नमस्कार करा, नाव सांगा, हसा, रडा. त्यांची नजर खाली, तुमच्या हातांवर. पंजा उलटासुलटा करून बघणार, अंगठ्याच्या बुडाशी दाबणार, बोटं वाकवून बघणार. हात कामाचा असला तर म्हणणार, "हाय!" नसला तर नुसतं "हं" करून हात सोडून देणार. ते गावात आले त्याच आठवड्यात बातमी पसरली की हायस्कुलात कुणी थोर ज्योतिषी उतरलाय. चार बायका शाळेच्या फाटकाशी हात पुढे करून उभ्या राहिल्या. मास्तर बाहेर आले आणि असे कडाडले की रस्त्यावरचा बैल बुजला. "मी जोशी न्हाई, फिटर हाय! रेघा न्हाई बघत, हाताला काय येतंय ते बघतो!" बायका पळाल्या. त्यातली एक माझी सख्खी मावशी. घरी येऊन ती म्हणाली, "इतका रागीट आहे म्हणजे खराच असणार."

त्यांचं खरं नाव शाळेच्या दप्तरात असेल. आम्हाला ते कधी लागलं नाही. मूळचे पेडगावकडचे, उमेद सगळी हैदराबादला रेल्वेच्या कारखान्यात गेलेली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी ते आमच्याकडे आले. तेव्हा सगळंच भराभर बदलत होतं. माझे वडील, अण्णा, पेशकार म्हणून झोपले आणि अव्वल कारकून म्हणून उठले. खुर्ची तीच, टेबल तेच, नुसती पाटी बदलली. तशीच आमच्या शाळेलाही टेक्निकलची शाखा मिळाली. मिळाली म्हणजे एक मास्तर आणि एक भलंमोठं लाकडी खोकं मिळालं. खोक्यात लेथ मशीन होतं. वरचा हुकूम असा, की आठवी पास झालेल्या मुलांपैकी बारा जणांचे अर्ज बापाच्या सहीनिशी जुलैअखेर जमले तर खोकं उघडायचं. नाहीतर खोकं आणि मास्तर, दोघांचीही रवानगी दुसऱ्या गावी.

खोकं व्हरांड्यात होतं. आम्ही त्यावर बसून भाकरी खायचो आणि मास्तर धावून यायचे. "उठा रे! त्याच्या पोटात मशीन हाय. तुमची बुडं टेकायला न्हाई आणलं!" आम्ही उठायचो, पण हेडमास्तरांना कोण उठवणार? ते रोज प्रार्थनेनंतर त्याच खोक्यावर चढून भाषण करायचे. न उघडलेल्या मशीनवर उभे राहून श्रमाच्या प्रतिष्ठेवर बोलायचे. मास्तर खाली उभे राहून त्यांच्या बुटांकडे बघत दात खात असायचे.

मास्तरांच्या कोटाचा उजवा खिसा कायम लोंबलेला असे, कारण त्यात वाकडे खिळे असत. "अर्ज मागून. आधी खिळा." पोरापुढे एक दगड, एक हातोडी, एक वाकडा खिळा टाकायचा. ठोकून सरळ करायचा. मग मास्तर तो जमिनीवर गडगडवत. सरळ खिळा गडगडत जातो, वाकडा अडखळतो. तिथे वशिला चालत नाही. माझी पाळी आली तेव्हा मी पहिला घाव अंगठ्यावर घातला. मी वर्गात धड हुशार नव्हतो, धड ढ नव्हतो. मास्तर लोक हजेरी घेतानाच काय ते माझं नाव घेत. अंगठा तोंडात घालून मी दुसरा घाव घातला, तिसरा घातला. खिळा फरशीवरून असा गेला की थेट हेडमास्तरांच्या दारापर्यंत. मास्तरांनी माझा पंजा धरला. सुजलेला अंगठा बाजूला केला आणि म्हणाले, "हाय! अरे, हाय की! ही बोटं शाईत बुडवून कोण वाया घालवायलंय?" जन्मात पहिल्यांदा माझ्या हातून काहीतरी सरळ झालं होतं. मी म्हणालो, "मास्तर, माझं नाव घ्या." ते म्हणाले, "बापाची सही आण, पेशकार." अण्णांच्या जुन्या हुद्द्यावरून ते मला पेशकारच म्हणत. "तुझं नाव बारावं. अकरा मी आणतो."

ते अकरा त्यांनी कसे आणले ते त्यांनाच ठाऊक. शाळेच्या शिपायाची सायकल घेऊन चिखलातून बोरीपर्यंत जायचे. तिथल्या एका मोठ्या शेतकऱ्याने त्यांना ऐकवलं, "मास्तर, आमचं पोरगं काय गाडीच्या चाकाला लोखंडी धावा बसवणार? आमच्याकडं त्याला माणसं हायत." तिथून सुताराच्या दारात गेले, तर सुतार तासणी खाली न ठेवता म्हणाला, "वाकस-तासणी घरात हाय की मास्तर. तेच शिकायचं तर साळंत कशाला धाडू?" दुसऱ्या दिवशी मास्तर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत कुणालाही न बघता ओरडत होते. "हेंला कामाला हात लावायची लाज, तेंला हातकामातून सुटका पायजे! मंग मशीन चालवायचं कुणी? वरून देव येणार हाय का?" तरी अकरा नावं झाली. माळ्याची दोन, कोष्ट्याचा एक, एक मोमिनाचा, बाकी खेड्यांतून पायी येणारी कुणब्यांची पोरं. प्रत्येकाचा खिळा गडगडलेला, प्रत्येकाच्या अर्जावर बापाची सही नाहीतर अंगठा.

आणि बारावा अर्ज माझ्या दप्तरात. पंधरा दिवस तो तिथेच होता. मी तो अण्णांना दाखवलाच नाही. रोज मास्तर विचारायचे, "पेशकार, सही?" रोज मी म्हणायचो, "होतेय मास्तर. अण्णा कचेरीच्या कामात आहेत." अर्जाला भूमितीच्या वहीत सुरकुत्या पडल्या, शेवग्याच्या भाजीचा डाग पडला. मी रोज तो काढून बघायचो आणि परत ठेवायचो. इतकी काळजी मी पुढे लग्नाच्या पत्रिकेचीही घेतली नाही.

माझा अर्ज येत नाही असं बघून हेडमास्तरांनी स्वतःच जागा भरली. हजेरीपटात "पालकाचा धंदा" असा रकाना होता. त्यावरून बोट फिरवत ते किसन लोहारापाशी थांबले. किसनचा सोपान आमच्या वर्गात गणितात पहिला. आम्ही त्याची वही मागून नेत असू. शाळेच्या शिपायाने "फीमाफीचा कागद आहे" असं सांगून किसनचा अंगठा घेतला आणि सोपान टेक्निकलला लागला. हा शहाणपणा हेडमास्तरांना कुणी शिकवला नव्हता. असला शहाणपणा आमच्याकडे न शिकताच येतो.

किसनला तीन दिवसांनी कळलं. तो भट्टीवरून उठून तसाच आला. हात कोपरापर्यंत काळे, मागे सोपान. मी तिथेच होतो. किसन मास्तरांना म्हणाला, "तुमी पोराचं नाव भट्टीत घातलं म्हनं."

"मी?" मास्तर म्हणाले. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

"ह्या हाताकडं बघा," किसन म्हणाला. "माज्या बापानं घन मारला, मी मारायलोय. पोरगं घनापासून लांब ऱ्हावं म्हनून साळंत घातलं. तुमी फिरून त्याच्या हातात घनच द्यायलात?"

मास्तरांनी त्याचे दोन्ही पंजे हातात घेतले. बराच वेळ बघत राहिले. "हाय" म्हणाले नाहीत, "हं" म्हणाले नाहीत. मग सोपानला विचारलं, "तुला काय पायजे?"

"सायन्सकडं जायचंय, मास्तर."

मास्तर ताडकन हेडमास्तरांच्या खोलीत गेले. आम्ही मागे. टेबलावरची यादी ओढली, टाक उचलला आणि सोपानच्या नावावर अशी रेघ मारली की कागद फाटला.

"मास्तर," हेडमास्तर शांतपणे म्हणाले, "परवा एकतीस तारीख. अकरा राहिले. तुम्ही सोपानचं नाही, तुमचं नाव कापलंत."

"कापू द्या!" मास्तरांचा आवाज सगळ्या वर्गांत गेला. "बापाचा धंदा बघून पोरं वाटायची असतील तर साळा कशाला? पाळण्यातच कपाळावर शिक्का मारा की! ज्याला यायचंय त्याला घरचे सोडंनात, आन् ज्याला जायचंय त्याला तुमी फसवून धरायलात? असलं बारावं नाव मला नको!"

मग ते माझ्याकडे वळले. हातांकडे बघूनच बोलले. "पेशकार, सही?"

"होतेय, मास्तर."

"होतेय न्हाई. आज. चल, मी येतो घरी."

आमच्याकडे लग्नकार्याला सगळे जमले की मला हातमास्तरांचा किस्सा सांगायला लावतात. मी बुजलेला बैल सांगतो, मावशीचं वाक्य सांगतो, अंगठ्यावरचा घाव साभिनय करून दाखवतो. पोरं लोळून हसतात. सोपान पुढे इंजिनिअर झाला, एवढं सांगून मी पाण्याचा तांब्या मागतो. पुढचं आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही.

अण्णा कचेरीतून येऊन ओसरीवर बसले होते. त्यांनी मास्तरांना बसा म्हटलं. मास्तर उभेच राहिले. माझा हात मनगटाला धरून त्यांनी अण्णांपुढे केला. "सायेब, ह्या पोराच्या हातात अक्कल हाय. डोक्यात हाय का न्हाई, मला म्हाईत न्हाई. पण हातात हाय. एक सही द्या. अकरा पोरं खोळंबलीत."

अण्णांनी माझा हात बघितला. "शाई लागलेली दिसतेय, मास्तर. ती लागलीच पाहिजे. आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या कलमच चाललंय. आता मी ह्याच्या हातात कानस देऊ? लोक विचारतील, अव्वल कारकुनाच्या मुलाला नापासांच्या वर्गात का घातलं?"

"नापासांचा न्हाई, सायेब. आन् लोकांचं जाऊ द्या. पोराला इचारा. त्यानंच तोंडानं नाव सांगितलंय."

अण्णा माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज चढला नाही. कधीच चढत नसे. "काय रे? तू कबूल केलंस यांना?"

माझं दप्तर अण्णांच्या डोक्यामागे खुंटीला होतं. त्यात अर्ज होता. तीन पावलं. मनगट अजून मास्तरांच्या हातात होतं.

मी म्हणालो, "नाही, अण्णा. तेच मला धरून खिळे ठोकायला लावायचे. अंगठा सुजला होता, तो त्यामुळेच."

बैल बुजवणारा तो माणूस आता ओरडेल म्हणून मी डोळे मिटले. माझं मनगट सुटलं. डोळे उघडले तेव्हा मास्तर पायऱ्या उतरून गेले होते. अण्णा म्हणाले, "हेडमास्तरांच्या कानावर घालायला हवं. मुलांना इजा करतात म्हणजे काय!" आणि त्यांनी ते घातलंही.

खोकं गेलं. बैलगाडीवर चढवायला आठ माणसं लागली, आणि आत काय होतं ते आमच्या गावाने शेवटपर्यंत पाहिलं नाही. पंधरा ऑगस्टला हेडमास्तर स्टुलावर उभे राहून बोलले. अकरा मुलांना सरसकट आमच्या वर्गात कोंबलं. दिवाळीपर्यंत सात जण शाळा सोडून गेले. कुणी कापूस वेचायला, कुणी जिनिंगवर हमालीला. त्यांच्या हातांना काय येत होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. हेडमास्तर वर्गात म्हणाले, "त्यांची कुवतच नव्हती." आम्ही माना डोलावल्या. माझी मान सगळ्यात जोरात डोलली. हेडमास्तरांचा मला राग येतो, अण्णांचाही येतो, ते जाऊन इतकी वर्षं झाली तरी येतो. पण ते दोघं निदान स्वतःच्या मनातलं बोलत होते. मी पुढे कारकून झालो, अव्वल झालो. घरातला फ्यूज गेला तर शेजाऱ्याला हाक मारतो. बायको म्हणते, तुमच्या हातात काही नाही. मी तिला खोडून काढत नाही.

मास्तर गाव सोडून गेले त्या दिवशी मी शाळा बुडवली. गोठ्यामागे बसून सकाळपासून खिळे सरळ केले. ओंजळभर झाले. ते घेऊन मोटारस्टँडवर धावलो. मास्तर हत्यारांच्या पेटीवर बसले होते, परभणीची मोटार लागलेली होती. मी दोन्ही हात पुढे केले. खिळ्यांसकट.

मास्तरांनी हातांकडे बघितलं नाही.

"हात नको दावू," ते म्हणाले. "ते मला म्हाईत हायत. तोंड वर कर."

मी तोंड वर केलं. पहिल्यांदाच मला त्यांचे डोळे दिसले, घारे होते. त्यांनी माझं तोंड नीट, सावकाश बघितलं, हात बघायचे तसंच.

मग "हं" म्हणाले आणि पेटी उचलून मोटारीत चढले.